न फोडलेल्या खोक्याचा इनचार्ज

इंदूरच्या पूर्ण तुकोगंजात कंप्यूटरच्या लायसन्सची जबाबदारी सांभाळणारा सहावी नापास माणूस मी एकटाच होतो, हे मी पाहुण्यांना आजही छाती फुगवून सांगतो. ती जबाबदारी आधी ऑफिसातल्या सगळ्यांना देऊन झाली होती, सगळ्यांनी हात झटकले होते, आणि शेवटी उरलो मी आणि पाण्याचा मटका. मटक्याला मान हलवता येत नव्हती.

मी मूळचा मिलचा. मालाच्या गाठी बांधायच्या खात्यात होतो. कापडाचे तागे दाबायचे, वरून तरट गुंडाळायचं, लोखंडी पट्टी आवळायची, शिक्का मारायचा. बस. अक्कल लागत नव्हती म्हणून मला ठेवलेलं. पण एक गोष्ट पक्की माहीत होती, की पट्टी न तुटलेली गाठ म्हणजे इमानदार माल. मल्हारगंजातला व्यापारी आधी पट्टी बघायचा, मग कापड. पट्टी सैल दिसली की म्हणायचा, ‘वापस ले जाओ भिया, इसमें किसी ने हाथ मारा है.’

मग मिल बंद झाली. एके सकाळी गेटावर कुलूप. चौकीदाराला विचारलं, कोणी लावलं? म्हणे, मॅनेजर साहेबांनी. मॅनेजर साहेब म्हणाले, वरून आलंय. वरचे म्हणाले, कोर्टात आहे. कोर्टाबाहेर वकील म्हणाला, सरकार बघेल. सरकारचा माणूस आमच्या धरण्याच्या मांडवात आला, हार घालून घेतला आणि म्हणाला, जमाना बदलतोय. एवढ्या शिकलेल्या लोकांनी मिळून एक कुलूप लावलं, आणि लावणारा हात एकाचाही नाही! तेव्हापासून कोणी ‘वरून आहे’ म्हटलं ना, की मला सकाळी खाल्लेले पोहे वर येतात. आजही येतात.

बाकीचे गाठवाले कोणी भाजी विकायला लागले, कोणी रिक्षा घेतली. मी जोक मारत मारत एका कंप्यूटरच्या ऑफिसात घुसलो. सेठजींना हसवलं, त्यांनी ठेवून घेतलं. मिलच्या चिमण्या थंड पडल्या आणि ऑफिसात एसी आला, असा तो काळ. माझं काम काय, तर मशीन गोधडीत गुंडाळून लुनावर मागे बांधायचं आणि मल्हारगंजातल्या दवावाल्याकडे, नाहीतर सांवेरच्या सोयाबीनवाल्याकडे पोचवायचं. दोरी मी अशी आवळायचो की सोडायला गिऱ्हाईकाला सुरी लागायची. एका दवावाल्याच्या मशीनची वायर मी दोरीबरोबर कापून दिली. पण गोधडीवर ओरखडा नव्हता हां.

ऑफिसात कामाची माणसं दोनच. एक आमचे साहेब. टाय लावायचे, आजोबा होळकरांच्या कचेरीत होते हे दिवसातून एकदा तरी सांगायचे. दुसऱ्या आमच्या ताई. महूच्या. त्यांचे आजोबाही फौजेत, वडीलही फौजेत, आणि ताईही तशाच, चालताना सरळ, बोलताना सरळ. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण मी ताईच म्हणायचो, कारण डिग्री होती. दोघंही डाटाबेसचं काम करायचे. एकदा मी ताईंना विचारलं, हे डाटाबेस म्हणजे नक्की काय हो? त्या म्हणाल्या, ‘काका, गोदाम समजा. दुकानदाराचा सगळा माल, सगळी गिऱ्हाइकं नीट लावून ठेवायची. मागितलं की लगेच काढून द्यायचं.’

मी म्हटलं, ‘मग हे गोदाम तुम्ही बांधता?’

‘नाही ना. गोदाम दुसऱ्या कंपनीने बांधलंय. आपण फक्त माल लावतो. त्या कंपनीची परवानगी लागते, जितकी मशीनं तितक्या परवानग्या. त्याला लायसन्स म्हणतात.’

‘आपल्याकडे आहेत ना?’

सेठजींच्या खुर्चीमागे काचेचं कपाट होतं, ताईंनी तिकडे फक्त बघितलं.

त्या कपाटात एक खोका होता. चमचमता, पुस्तकाएवढा जाड, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलेलं आणि कडेला चिकटवलेलं सील. गिऱ्हाईक आलं की सेठजी मागे बोट दाखवायचे, ‘ओरिजिनल है!’ आणि गिऱ्हाईक गेलं की साहेब टेबलाच्या खणातून एक सीडी काढायचे. मल्हारगंजात एका कॅसेटच्या दुकानातून आणलेली, वर पेनाने नाव खरडलेलं. ती सीडी सगळ्या मशीनांत घालायचे. आमच्याही आणि गिऱ्हाइकांच्याही.

आता तुम्ही म्हणाल, मला समजलं नाही का. समजलं ना! माझ्या पद्धतीने समजलं. मला वाटलं, देवळात कसं असतं, मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते आणि उत्सवमूर्ती पालखीत बसून गावभर फिरते. तसं हे. खोका म्हणजे गाभारा, सीडी म्हणजे पालखी. मी साहेबांना हे सांगितलंही. साहेब इतके हसले की टाय चहात बुडाला. म्हणाले, ‘वा! हेच सांग सगळ्यांना.’ आणि मी गाढव सगळ्यांना सांगत फिरलो.

मिलमध्ये खंडेनवमीला आम्ही मशीनं धुऊन पुसून त्यांची पूजा करायचो. ऑफिसात ही रीतच नव्हती, ती मी चालू केली. कंप्यूटरवर पाणी शिंपडू देईनात, म्हणून मी खोका काढून पाटावर ठेवला. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. बरोबर सीलवर बोट टेकवून टिळा लावला, कारण इमान तिथे असतं ना. पुढच्या वर्षी त्याच टिळ्यावर दुसरा, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. सेठजी हात जोडायचे, साहेब हात जोडायचे आणि पेढा उचलायचे. ताई लांब उभ्या राहायच्या. मला वाटायचं, त्यांच्या घरी हे करत नाहीत म्हणून. ते होतंच, पण त्या खोक्याकडे ज्या नजरेने बघायच्या ना, ती नजर वेगळी होती. पानात माशी दिसल्यावर माणूस बघतो तशी.

मग बातम्या यायला लागल्या. कुठेतरी कंपनीवाले पोलीस घेऊन आले, मशीनं उचलून नेली, माणूस आत टाकला. सेठजींनी दार लावून मीटिंग घेतली. मला चहा द्यायला आत घेतलं आणि मी आतच उभा राहिलो.

सेठजी म्हणाले, ‘कल को कोई आ गया तो जवाब कौन देगा? साहब, आप बड़े हो. आप लायसेन्स का सँभाल लो.’

साहेब लगेच खुर्ची मागे सरकवून म्हणाले, ‘सेठजी, मी टेक्निकल माणूस. खरेदी माझ्याकडे येत नाही. जे मशीनमध्ये आहे त्यावर मी काम करतो.’

‘और मैं ठहरा व्यापारी आदमी. मुझे क्या मालूम कौन सी मशीन में क्या पड़ा है?’

एकाला माहीत होतं पण त्याचं काम नव्हतं, दुसऱ्याचं काम होतं पण त्याला माहीत नव्हतं. मला एकदम मिलच्या गेटासमोर उभं असल्यासारखं वाटलं. तोच वास. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा आणि आत सगळं नासलेलं.

ताई म्हणाल्या, ‘मशीनमध्ये टाकतो आपण, सर. तुम्ही आणि मी. आपल्याला नक्की माहीत असतं, कुठे काय टाकलंय. मग जबाबदारी आधी आपली. खरेदी सेठजींची, पण लायसन्सशिवाय टाकणार नाही, हे म्हणणं आपलं काम आहे.’

साहेब हसले. ‘बाई, असं म्हणायला गेलो तर इंदूरमध्ये एकही कंप्यूटर चालणार नाही.’

‘मग एक तरी सरळ चालू दे. आजपासून मी ती सीडी लावणार नाही.’

सेठजींचं तोंड कडू झालं. ‘मॅडम, नौकरी करनी है कि समाजसेवा?’

शांतता झाली. आणि माझी जुनी खोड, शांतता झाली की मला जोक मारल्याशिवाय राहवत नाही. मी कपबशा गोळा करता करता बोललो, ‘काय सेठजी, एवढ्याशा खोक्याचं टेन्शन! मला करा इनचार्ज. मी तर त्याची पूजाही करतो.’

कोणी हसलं नाही. सेठजी माझ्याकडे बघायला लागले. मग साहेबांकडे बघितलं. साहेबांनी हळूच मान हलवली. बकऱ्याचा बाजार ज्याने बघितलाय त्याला ती मान कळते. मला नाही कळली. मला वाटलं, प्रमोशन.

दोन दिवसांत प्लास्टिकची पाटी आली, खिशाला लावायची. ‘लायसन्स इनचार्ज’. मी ती लावून घरी गेलो. बायको पोळ्या लाटत होती. पाटी वाचली आणि विचारलं, ‘अहो, काम काय करायचं ह्यात?’

म्हटलं, ‘काही नाही. फक्त जबाबदार राहायचं.’

‘आणि खुर्ची?’

‘खुर्ची नाही.’

‘मग उभ्यानेच जबाबदार का?’ एवढं बोलून तिने पोळी उलटली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला जिन्यात गाठलं. ‘काका, ती पाटी काढा. जबाबदार म्हणजे काय समजलात? उद्या पोलीस आले तर ज्याला न्यायचं तो माणूस म्हणजे जबाबदार. ह्यांनी तुम्हाला त्याच्यासाठी ठेवलंय. आत जाल तुम्ही.’

मी म्हटलं, ‘ताई, असं कसं? माझ्या खोक्याचं सील बघा की, एकदम टाइट आहे.’

त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि वर निघून गेल्या. त्यानंतर ती सीडी त्यांनी खरंच कधी लावली नाही. साहेब लावायचे, आणि लावताना मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं गाणं गुणगुणायचे.

आणि एका दुपारी तो माणूस आला. ज्या कंपनीचं ते गोदाम, तिचा. मुंबईचा, मराठी, बारीक आवाजाचा. सोबत पोलीस नव्हते, पण म्हणाला, ‘आज मी एकटा आलोय. पुढे कसं यायचं ते आज काय दिसतं त्यावर. इथे लायसन्सला जबाबदार कोण?’

सेठजींचं बोट आणि साहेबांचं बोट एकाच वेळी माझ्याकडे आलं. एवढी एकी मी त्या ऑफिसात पहिल्यांदा बघितली.

मी पुढे झालो. चपला काढल्या. कपाट उघडलं, दोन्ही हातांनी खोका आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. झेंडूची एक वाळकी पाकळी टेबलावर पडली.

त्याने खोका फिरवला. कुंकवाचे थर, वाळलेली हळद. नखाने थोडं खरवडलं. विचारलं, ‘हे काय?’

‘खंडेनवमी, साहेब. दरवर्षी. एकही चुकवली नाही.’

‘बरोबर ह्याच सीलवर लावता?’

‘तिथेच! दुसरीकडे कशाला?’

‘आणि हा कधी उघडला नाही?’

‘काय बोलता साहेब! माझ्या ताब्यात असताना? आला तसा आहे. मी मिलमध्ये गाठी बांधल्यात, मला सील समजतं. ह्याला कोणी हात लावलेला नाही, माझी गॅरंटी आहे.’

तो माणूस थोडा वेळ नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझी दया आली असणार. मला ती शाबासकी वाटली, मी अजून ताठ झालो.

मग त्याने मागे चालू असलेल्या मशीनांकडे बघितलं आणि एकदम हळू विचारलं, ‘खोका कधी उघडलाच नाही, तर मग ह्या मशीनांमध्ये काय चाललंय?’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की गाठीत आणि ह्या खोक्यात फरक आहे. गाठ न फोडणं म्हणजे इमान. खोका न फोडणं म्हणजे चोरी, आणि मी त्या चोरीवर दरवर्षी आपल्या हाताने कुंकू लावून ठेवलेलं. पुरावा पाटावर मांडून, वर फूल!

सेठजी म्हणाले, ‘इनचार्ज ये हैं. इन्हीं से पूछिए. मैं तो इन पर भरोसा करके बैठा था.’

साहेब टाय सारखा करत म्हणाले, ‘इन्स्टॉलेशनचं सगळं हेच बघतात. आम्ही फक्त पुढचं काम करतो.’

आता बघा माझी जात. मी घाबरायला पाहिजे होतं. घाबरलोही. पण होळकरांच्या कचेरीतल्या माणसाचा नातू भर ऑफिसात, बाहेरच्या माणसासमोर म्हणतोय की इन्स्टॉलेशनचं सगळं हेच बघतात! माझी छाती आपोआप वर आली आणि तोंडातून निघालं, ‘हो. मीच बघतो.’

त्या माणसाने पेनाचं टोपण काढलं.

ताई उभ्या राहिल्या. ‘थांबा, ह्यांचं नाव लिहू नका. ह्यांना मशीन चालूसुद्धा करता येत नाही.’

मला राग आला. खरंच राग आला! म्हटलं, ‘येतं मला!’

‘करून दाखवा, काका.’

मी दाखवलं. सगळ्यांसमोर पुढे गेलो, खाली वाकलो, आणि मोठ्या ऐटीत एक बटण दाबलं. ते सगळ्या मशीनांना वीज देणाऱ्या बॅटरीच्या डब्याचं होतं. पूर्ण ऑफिसातली मशीनं एकदम विझली. साहेब ओरडले, त्यांचं सकाळपासूनचं काम गेलं. तो मुंबईचा माणूस तोंडावर रुमाल धरून हसत होता.

‘बघितलंत?’ ताई म्हणाल्या. ‘कॉपी सरांनी टाकली, सेठजींनी सांगितलं म्हणून. सुरुवातीला काही मीपण टाकल्या, हे चुकीचं आहे हे माहीत असून. लिहायचं तर आम्हा तिघांची नावं लिहा. माझं आधी लिहा.’

सेठजी ज्या चपळाईने उठले! त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकला, ‘अरे आइए आइए, अंदर बैठते हैं,’ आणि केबिनचं दार लागलं. मला कचोऱ्या आणायला पाठवलं. मी परत आलो तेव्हा सगळे हसत होते. सेठजींनी सगळ्या मशीनांची लायसन्सं घ्यायचं कबूल केलं होतं, त्या माणसाने पेनाचं टोपण लावलं होतं. कोणाचंही नाव कुठेही लिहिलं नव्हतं. एवढं सोपं होतं ते, आणि आधी करवत नव्हतं.

पुढचं सांगायला मला घाण वाटते. जिन्याखाली पाटी लागली, ‘हमारे यहाँ सिर्फ ओरिजिनल’. साहेब दुसऱ्या ऑफिसवाल्यांना जाऊन समजावून सांगायला लागले, की लायसन्सची जबाबदारी कशी डाटाबेसवाल्याचीच असते. ताईंचे शब्द, टाय साहेबांचा. लोक माना हलवायचे. आणि माझा खोका? तो साहेबांनी आता कापायच्या पत्तीने फोडला, बोटाला लागलेलं कुंकू पडद्याला पुसलं. मी तिथेच उभा होतो, खिशाला पाटी लावून, आणि दात दाखवत होतो. सवय! ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिसारी त्या माझ्या दातांची येते.

ताईंना आठवड्याच्या आत काढलं. सेठजी म्हणाले, ‘मॅडम माहौल खराब करती हैं.’ साहेबांना मी विचारलं, असं का केलं? ते म्हणाले, ‘माझ्या हातात काही नव्हतं रे. वरून होतं.’ वर कोण? वर गच्ची होती आणि पाण्याची टाकी.

ताईंची भाड्याच्या खोलीतली पेटी लुनावर बांधून मी त्यांना महूच्या बसपर्यंत सोडायला गेलो. मशीनसारखी दोरी आवळली. स्टँडवर मी पेटी खाली उतरवली, आणि मला वाटलं की काहीतरी बोलायला पाहिजे. थँक यू म्हणायचं होतं. पण तोंड माझं आहे, त्यातून निघालं भलतंच.

‘ताई, एक गोष्ट मात्र मनाला लागली. त्या दिवशी बाहेरच्या माणसासमोर तुम्ही म्हणालात की काकांना मशीन चालू करता येत नाही. माझी इज्जत गेली हो.’

ताईंनी पेटीची दोरी सोडून बघितली. सुटेना. मग तशीच उचलून बसच्या पायरीवर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या,

‘माझी नोकरी गेली, काका. तुमचं काहीही गेलं नाही. आणि ती पाटी काढा आता, उलटी लावलीय तुम्ही.’